कदर नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात आणि त्यांत एक भाषण हमखास होतं. आम्ही कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, पायपीट करत शाळा गाठली, एका पुस्तकावर तीन भावंडं शिकलो. तुमच्या मुठीत सगळं जग आलं तरी तुम्हाला त्याची कदर नाही. समोर बसलेली मुलं त्या वेळी काही बोलत नाहीत, पण त्यांचं उत्तरही ठरलेलं असतं आणि ते घरी जेवताना बाहेर पडतं: नद्या तुम्ही नासवल्या, शहरातली घरं आमच्या आवाक्याबाहेर गेली, नोकऱ्या कंत्राटी झाल्या, आणि वर आम्ही आभार मानायचे? कुठल्या पिढीने शोध लावले, कुठल्या पिढीने नुसती खरेदी केली आणि कुणी कुणाचे उपकार मानायचे, हा वाद वर्षानुवर्षं याच दोन वाक्यांत अडकला आहे. मला दोन्ही बाजू चुकीच्या पायावर उभ्या दिसतात. तंत्रज्ञानाविषयीची कृतज्ञता मनात किती आहे हे मोजता येत नाही आणि भाषण देऊन ती उगवतही नाही. ती वस्तू समजून घेण्यात, जपण्यात, दुरुस्त करण्यात आणि ती आपल्यापर्यंत येताना ज्यांनी किंमत मोजली त्यांचं देणं फेडण्यात दिसते. या कसोटीवर दोन्ही पिढ्या कमी पडतात, आणि त्याची कारणं स्वभावात शोधण्यापेक्षा बाजारात, शाळेत आणि कायद्यात शोधावी लागतात.

आधी ज्येष्ठांच्या म्हणण्यातलं सर्वांत बळकट जे आहे ते मान्य करायला हवं. टंचाई भोगलेल्या माणसाला सुबत्तेची किंमत खरोखर जास्त कळते. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहणं, ट्रंक कॉल लावून तासन्‌तास घंटीकडे कान देऊन बसणं, स्कूटरचा नंबर लागेपर्यंत मुलगा शाळेतून कॉलेजात जाणं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना आजचा व्हिडिओ कॉल चमत्कार वाटला तर त्यात भाबडेपणा नाही. ३१ जुलै १९९५ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा आलेला कॉल घेण्यासाठीही पैसे मोजावे लागत. २००३पासून तो भुर्दंड संपला. हे ज्याला आठवतं तो दिवसभर फुकट बोलणाऱ्या मुलाकडे चकित होऊन पाहणारच.

आणि विसरण्याचे परिणाम काही ठिकाणी भयंकर असतात. १८९६मध्ये मुंबईत प्लेग शिरला. त्यावरची लस तयार करून वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ला ती भायखळ्यात आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. देवीच्या रोगाने चेहऱ्यावर व्रण उमटलेली माणसं साठ-सत्तर वर्षांपूर्वी प्रत्येक गल्लीत होती. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५मधला, पोलिओचा २०११मधला. ज्यांनी लुळ्या पायांची मुलं पाहिलीच नाहीत त्यांना पोलिओचे दोन थेंब ही रविवारची कटकट वाटू लागते. २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराची साथ आली, मुलं दगावली. कोविडच्या काळात हुकलेले डोस हे त्याचं एक कारण होतं आणि लसीविषयीची उदासीनता हे दुसरं. तंत्रज्ञान जितकं यशस्वी, तितकं ते दिसेनासं होतं, आणि दिसेनासं झालेलं तंत्रज्ञान माणूस सहज सोडून देतो. ज्येष्ठांची भीती इथे शंभर टक्के रास्त आहे.

पण याच उदाहरणाने त्यांचा निष्कर्ष मोडतो. गोवराचा डोस चुकवणारी कॉलेजातली मुलं नव्हती, घरातले कर्ते होते. लसीविरुद्धचे निरोप पुढे ढकलणाऱ्यांत देवीचे व्रण पाहिलेली माणसंही आहेत, म्हणजे आठवण पुरेशी ठरली नाही. शिवाय गोवंडीत लसीकरण वाढलं ते कुणाच्या कृतज्ञतेच्या भाषणाने वाढलं का? आरोग्यसेविका आणि आशाताई दारोदार फिरल्या, मौलवींना भेटल्या, एकेका मुलाची नोंद केली, म्हणून वाढलं. विस्मृती ही माणसाची कायमची अवस्था धरून ज्या समाजाने व्यवस्था उभी केली तो वाचतो. आठवणीच्या भरवशावर बसलेला वाचत नाही.

दुसरं असं की, मागच्या पिढीच्या काटकसरीला आपण गुण म्हणतो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांआड करतो. ती काटकसर बरीचशी सक्तीची होती. परवाना पद्धतीत किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवत होतं. स्कूटर वीस वर्षं टिकवली जाई, कारण दुसरी मिळणारच नव्हती. नंबर लागलेलं बुकिंग चढ्या भावाने विकलं जाई, हेही त्याच काळातलं आहे. १९९१नंतर अर्थव्यवस्थेची दारं उघडली तेव्हा दुकानांत कोण गेलं? आजची विशीतली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. जुना टीव्ही देऊन नवा घ्या या योजनांना, हप्त्यावर फ्रिज आणि मोटारींना, तीन बेडरूमच्या स्वप्नाला पहिला प्रतिसाद दिला तो टंचाईत वाढलेल्या पिढीनेच. त्यात मला पाप दिसत नाही. दशकानुदशकं दाबून ठेवलेली इच्छा होती ती. पण मग उपभोगाचा आरोप एकाच पिढीच्या माथी मारायचा अधिकार कुणाला उरतो?

जुन्या दिवसांच्या गोडव्यात आणखी एक अन्याय असतो. जात्याची घरघर, पहाटेच्या ओव्या, पाटा-वरवंट्याची चटणी यांच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात. जातं त्यांनी ओढलेलं नसतं. गी पोआतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. त्या वाचाव्यात. त्यांत माहेरची ओढ आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, आणि दळून दळून पिळवटलेल्या बाईचं दुःखही जागोजाग आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांची पहाट मोकळी झाली. स्वयंपाकघरात गॅस आला तेव्हा डोळ्यांतला धूर गेला, नळ आला तेव्हा डोक्यावरचा हंडा उतरला. सत्तरीतल्या एखाद्या आजीला विचारा. पुन्हा जात्यावर बसायची तिची इच्छा नसते आणि नातीला ते ओढावं लागत नाही याचंच तिला समाधान असतं. नातीने रोज उठून गिरणीचे आभार मानावेत अशी तिची अपेक्षा नाही. कष्ट संपले पाहिजेत आणि पुढच्यांना ते आठवायचीही गरज पडू नये, याचसाठी तर माणसं यंत्रं बनवतात.

आता शोधांचं. ‘आम्ही घडवलं, तुम्ही नुसतं वापरता’ हे वाक्य ऐकायला जोरदार आहे, पण इतिहासाला धरून नाही. मागच्या पिढीची अभिमानाची यादी पाहा. चेतक स्कूटरचं मूळ इटलीच्या व्हेस्पात होतं, पद्मिनी मोटारीचं फियाटमध्ये, अँबेसेडरचं इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये, एचएमटी घड्याळाचं जपानच्या सिटिझनमध्ये. ही घराघरांतली यंत्रं बाहेरून आलेल्या आराखड्यांवर बनली आणि वर्षानुवर्षं फारशी बदलली नाहीत, कारण स्पर्धा नव्हती. वापरणारे तेव्हाही वापरणारेच होते. प्रत्येक पिढीत घडवणारे मूठभर असतात आणि बाकीचे त्यांचे ग्राहक. त्या मूठभरांकडे नीट पाहिलं तर त्यांच्यात कृतज्ञतेपेक्षा असमाधान जास्त दिसतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. लाकडी नांगराने पिढ्यान्‌पिढ्या पोसलं, त्याचे उपकार मानून गप्प बसावं, असं लक्ष्मणरावांना वाटलं असतं तर १९१०मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरच्या पत्नीचा, माधुरीबाईंचा, परदेशी मिक्सर बंद पडला. इथे तो दुरुस्त होईना, आणि ओल्या-सुक्या वाटणासाठी तो बनलेलाही नव्हता. त्या कटकटीतून ‘सुमीत’ मिक्सर जन्मला आणि पाट्यावर झुकलेल्या लाखो पाठी सरळ झाल्या. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला म्हणून १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९९१मध्ये ‘परम’ हा आपला महासंगणक तयार झाला. नारायणगावजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभारल्या. भक्कम पत्र्याच्या तबकड्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून ताणलेल्या तारांवर पोलादी जाळी बसवली. हे सगळे लोक हातातल्या वस्तूवर नाराज होते, आणि त्या वस्तूच्या पोटात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. नाराजी आणि जाण एकत्र आल्या की शोध लागतो. नुसत्या नाराजीतून फक्त नवी खरेदी होते.

तेव्हा आजच्या मुलांना ‘तुम्ही शोध का लावत नाही’ असं विचारताना शंकर आबाजी भिसे आठवावेत. मुंबईत १८६७मध्ये जन्मलेल्या या माणसाने छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, ओतणारं यंत्र बनवलं आणि लंडन, न्यूयॉर्क गाठलं. बुद्धी होती, जिद्द होती. पाठीशी टिकाऊ भांडवल आणि उद्योग राहिला नाही, आणि त्यांच्या यंत्राचा व्हायला हवा होता तेवढा प्रसार झाला नाही. शंभर वर्षांनंतर आपण संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन दोन टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण कोरिया चारच्या वर. ही तफावत वीस वर्षांच्या मुलाने मोबाइल बाजूला ठेवल्याने भरून निघणार आहे का? अर्थसंकल्प कोण मांडतं, कंपन्यांच्या संचालक मंडळांवर कोण बसतं, विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा कोण भरत नाही? तिथे बसलेल्यांचं वय साधारण काय आहे, हे भाषण देणाऱ्यांनी एकदा पाहावं.

तरुणांची बाजूही मात्र पूर्ण उभी राहत नाही. कृतज्ञतेचा उपदेश पुष्कळदा तोंड बंद करण्यासाठी वापरला जातो, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. हातात स्मार्टफोन आहे म्हणून नोकरीची मागणी फिजूल ठरत नाही. पण पर्यावरणाच्या नावाने वडिलांना धारेवर धरणाऱ्याच्या कपाटात चालू स्थितीतले दोन जुने फोन पडून असतील, तर त्या युक्तिवादात काय उरलं? दहा मिनिटांत दूध आणून देणारा मुलगा पावसात भिजत उभा असताना त्याच्याकडे न बघता दार लावून घेणं हे कुठल्याही मागच्या पिढीने शिकवलेलं नाही. शिवाय ‘जुन्यांनी पृथ्वी संपवली’ म्हणताना जुने म्हणजे कोण, हेही नीट पाहायला हवं. रॉकेलच्या दिव्यावर आयुष्य काढलेल्या माणगावच्या शेतकऱ्याने आणि मलबार हिलवरच्या कारखानदाराने ती सारखीच संपवली का?

उपभोगाची मुळं स्वभावात शोधणाऱ्यांनी १९२४ साल आठवावं. त्या वर्षी जिनिव्हात ओसराम, फिलिप्स, जनरल इलेक्ट्रिक यांच्यासारख्या बड्या दिवा-उत्पादकांनी फीबस नावाची जूट बांधली आणि विजेचा दिवा हजार तासांवर टिकू नये असं ठरवलं. जास्त टिकणाऱ्या दिव्यासाठी कारखान्याला दंड होता. आज हयात असलेल्या बहुतेक आजोबांच्याही जन्मापूर्वीची ही गोष्ट. तीच रीत आता सर्वत्र पसरली आहे. फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. वॉशिंग मशीनमधला एक छोटा भाग जळाला तरी सगळं सर्किट बदला म्हणतात, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नवं मशीन घेतो. फोन धडधाकट असतो, पण कंपनी त्याचे अपडेट थांबवते आणि बँकेचं ॲप चालेनासं होतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने कारागीर आजही बसलेले आहेत. रेडिओ, टू-इन-वन, रंगीत टीव्ही, सीडी प्लेअर असं एकेक यंत्र उघडून ते शिकत गेले. आता पुढ्यात येणाऱ्या वस्तूचा नकाशा त्यांना मिळत नाही, मूळ सुटा भाग मिळत नाही, आणि बाहेरचा घातला तर यंत्र तो ओळखायला नकार देतं. या परिस्थितीत मुलाने फोन फेकून दिला तर त्याला बेकदर म्हणायचं, की दुरुस्तीची वाट बंद करणाऱ्याला जाब विचारायचा?

हत्यारांविषयीची कृतज्ञता कशी असते हे आपल्याला परंपरेने नीट शिकवलेलं आहे. खंडेनवमीला कारखान्यात लेथ मशीनवर झेंडूची माळ चढते, पण त्याआधी ते मशीन पुसलं जातं, कीस झाडला जातो, तेल-ग्रीस होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि सणादिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. माळ आणि झूल सर्वांना दिसते. तेल आणि हळद ही त्यामागची खरी गोष्ट आहे. आज दसऱ्याला आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो आणि सर्व्हिसिंगची तारीख विसरतो. यात दोन्ही पिढ्या आल्या.

आणि देण्याचं काय? मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशी पेटा पाण्याखाली घालायचं ठरलं, तेव्हा १९२१मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला. धरण झालं, गावं बुडाली, दिवे लागले. पुढे कोयना झाली. सुमारे १,९६० मेगावॉटच्या त्या प्रकल्पाने महाराष्ट्राचे कारखाने चालवले, शेतीचे पंप चालवले, भाषणातला कंदील हद्दपार केला. तिच्या जलाशयात पाटण, जावळी, महाबळेश्वर भागातली गावं गेली आणि तिथली माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. त्यांतल्या अनेकांच्या वारसांना जमिनीसाठी आणि गावठाणातल्या साध्या सोयींसाठी साठ वर्षांनंतरही आंदोलनं करावी लागली. ज्या विजेच्या दिव्याखाली सत्काराची भाषणं होतात ती वीज कुणाच्या बुडालेल्या घरावरून आली, हे किती वक्ते सांगतात? आणि फोन चार्जिंगला लावताना किती ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असतं? याच साखळीचं दुसरं टोक म्हणजे आपण टाकलेली यंत्रं. कुर्ल्यात, धारावीत, दिल्लीच्या सीलमपूरमध्ये ती उघड्या हातांनी फोडली जातात, तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, आणि तो धूर पोरासोरांच्या छातीत जातो. उत्पादकाने आपला कचरा परत घ्यावा असा नियम २०११पासून आहे. तो कागदावर राहू नये म्हणून कधी एखादा सत्कार समारंभ तरी बोलला आहे का?

म्हणून मागण्याच असतील तर नेमक्या मागाव्यात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक संकेतस्थळ सुरू केलं. सुटे भाग, नकाशे आणि ठरावीक वर्षं अपडेट देण्याची सक्ती करणारा कायदा मात्र झालेला नाही. फ्रान्सने २०२१मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन यांच्यावर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापण्याची सक्ती केली. आपल्याकडे फ्रिजवर वीजबचतीचे तारे छापले जातात आणि लोक ते बघून खरेदी करतात. मग दुरुस्तीचे का नाहीत? यावर कंपन्या म्हणतात की उघडता येणारा फोन जाड होतो, महाग पडतो, पाणी शिरतं. थोडं तथ्य आहे त्यात. पण चार मिलिमीटर जाडी आणि दोन वर्षं जास्त आयुष्य, यांतून निवड ग्राहकाला करू द्यायला काय हरकत आहे? आज ती कुणी विचारतच नाही.

आणि शाळेचं पाहा. १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम, शेती, पाण्याचा ताळेबंद शिकली आणि गावात उद्योग करू लागली. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीने जगात फॅब लॅब, म्हणजे कुणालाही वस्तू बनवून पाहता येईल अशा कार्यशाळा, उभारायला घेतल्या, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला आली. तिथली पद्धत राज्यातल्या काही शाळांपर्यंत पोहोचली आहे. बाकीच्या बहुतेक शाळांत कार्यानुभवाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो आणि कोणत्याही पालकसभेत त्यावर कुणी आवाज काढत नाही. मिक्सर उघडून त्यातला ब्रश बदलायला पंधरा वर्षांच्या मुलाला एक दुपार पुरते. ती दुपार त्याला द्यायची की नाही हे ठरवणारे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक सगळे तक्रार करणाऱ्या पिढीतले आहेत.